आवळलेली ग्लँड

नाही, पाना लपवू नका आता, अप्पा — पाहिलं मी. कुंपणापलीकडून सगळं पाहिलं. फिरायला जातो म्हणून रोज सकाळी घरातून निघता आणि येता कुठे, तर तेलविहिरीवर? इथून निवृत्त झालात ना? काय म्हणालात — ठिबकत होतं? ठिबकणारच! ठिबकायलाच हवं! पंपाचा दांडा विहिरीच्या तोंडावरच्या त्या ग्लँडमधूनच वरखाली होतो, थोडं तेल सुटलं तरच ओला राहतो — हे तुम्हाला मी सांगायचं? तुम्ही ती करकचून आवळता, आतलं पॅकिंग दांड्याचा गळा धरतं, दांडा तापतो, आणि शेवटी तुटतो. आणि मी संगणकापुढे डोकं फोडत होतो! दांड्याचं वजन धरलं, तेलाचा घट्टपणा धरला, विहीर वाकडी आहे तो वाकडेपणाही धरला — तरी दांड्यावर मोजलेला जोर हिशेबापेक्षा जास्तच. कुठून येतो हा जोर? आता काय लिहू समीकरणात — वडिलांना डाग खपत नाहीत, असं?

हसू नका. हसत नसाल म्हणा, तुमचं तोंडच तसं आहे. इथल्या ऑपरेटरला आज काढताहेत, कळलं का? ग्लँड आवळली म्हणून. अहवाल माझा. तो बिचारा शपथेवर सांगत होता — साहेब, मी रोज सैल करतो, कोणीतरी परत आवळतं. मी म्हटलं, भुतं येतात वाटतं? सगळे हसले. त्याची बायको पोटुशी आहे, अप्पा, आणि मी लोकांना हसवत बसलो!

मला कसं कळणार होतं? — कळलं होतं. ग्लँडखाली चिंधी बांधलेली, तिला तुमची ती उलटी गाठ — आपल्या मोरीतल्या नळाला आहे तीच. पाहिली, सोडली, खिशात घातली, आणि मग सही केली. झालं समाधान? काय बघताय माझ्याकडे? तुमच्यासाठीच केलं ना! ज्या फाटकावर माणसं तुम्हाला बघून उठून उभी राहायची, तिथे तुम्हाला चोरासारखं अडवलेलं बघू मी?

थांबा. एक शब्द बोलू नका. — हॅलो, साहेब? त्या ऑपरेटरचं पत्र थांबवा. हो, माझा अहवाल खोटा आहे. नाही, त्याने नाही आवळली. मग कोणी? — एक मिनिट, साहेब. — अप्पा, जा तुम्ही. जा म्हणतो ना! तुमच्यासमोर नाही घेता येणार मला तुमचं नाव.