लेझीमवर घेतलेला इंग्रजीचा तास

अध्यक्षमहाराज, बंधुभगिनींनो, आणि मागे दारापर्यंत उभ्या असलेल्या माझ्या मुलांनो,

मला बोलता येत नाही. मी ड्रिल मास्तर. मला हुकूम सोडता येतात, भाषण नाही. पण इंग्रजी शिकवणारे आपले मुळे मास्तर गेल्या गुरुवारी विषमज्वराने गेले, आणि या शोकसभेतली गोड गोड भाषणं ऐकून माझं डोकं फिरलंय. तेव्हा बोलतो.

एकदा मास्तर मला म्हणाले, "लेझिमी द्या. शब्द शिकवायचेत." मला वाटलं, थट्टा करतायत. तर त्यांनी खरोखरच मुलं मैदानात उभी केली. शब्द 'पोस्टमास्टर'. पोस्ट, मास्, टर. तीन तुकडे, तीन पावलं. जोर पहिल्या तुकड्यावर, म्हणून लेझीम वाजणार फक्त पहिल्या पावलाला. आमची पोरं इंग्रजी बोलायची ती लाकडं फोडल्यासारखी, प्रत्येक तुकड्यावर घाव! ती सुधारली. पंचवटीतले एक माळीबुवा फुलांची टोपली घेऊन शाळेत आले. म्हणाले, "मास्तर, पोरगं देवळालीला गोऱ्यांच्या छावणीत कामाला लागलं. सायबाला आता त्याचं बोलणं कळतंय. लय उपकार झाले."

आणि आपण काय केलं? हो, आपणच! शाळा तपासायला इन्स्पेक्टरसाहेब येणार म्हणून लेझिमी कुलपात घातल्या. "इंग्रजीचा तास आहे की तालीम?" अध्यक्षमहाराज, शाळेचे चालक म्हणून हे तुमचेच शब्द. साहेब आले, चहा पिऊन गेले. कुलूप तसंच राहिलं. का? मास्तर परवानगीसाठी तुमच्या दारी खेटे घालत राहिले. दर वेळी तेच, "पाहू, पाहू." अहो, काय पाहणार होता? त्यांची तिरडी?

मला रडू येत नाही. मला राग येतो.

आता म्हणता, शाळेत त्यांचा फोटो लावू. लावा की! पण या मुलांना फोटो नको, तास हवाय. उद्या ही नोकरी मागायला जातील आणि साहेबापुढे तोंड उघडायला घाबरतील, त्याचं काय?

म्हणून सगळ्यांदेखत विचारतो. तो तास पुन्हा सुरू करणार का? पावलं मी घालून घेईन. शब्दांसाठी मास्तरांचा एखादा जुना विद्यार्थी येईल. तुम्ही फक्त हो म्हणा.

बोला, अध्यक्षमहाराज.

मी थांबतो.

कोणीच बोलत नाही. बरं. दोन मिनिटं शांतता पाळा, अशी विनंती मी करणार होतो. ती तुम्ही आधीच सुरू केलीत. आता निदान उठून उभे राहा.