बावीस डिग्री आणि मामांची घोंगडी

...आणि वर मलाच म्हणतात, तुला हवामानाचा अंदाज वाचता येत नाही. अहो, फोनवर ढळढळीत बावीस लिहिलं होतं, शेजारी पिवळाधमक सूर्य. आमच्या लेसोथोत ऑगस्ट म्हणजे हिवाळा, त्यात बावीस म्हणजे थंडी गेलीच की. खाली फिकट अक्षरात उणे दोन होतं, मान्य, पण तुम्हीच सांगा, फिकट अक्षरातलं कोण वाचतं? आकडा खरा होता, तुम्हाला सांगतो, आकडा खरा होता.

झालं काय, माझं लग्न ठरवायला खोत्सो मामा निघाले लिनेओच्या गावी. मुलीकडच्यांना गाई किती द्यायच्या ते मामांनी बोलून ठरवायचं. थोड्या कमी करून घेतल्या तर नाताळात लग्न, नाहीतर बसा गाई जमवत. मामांनी विचारलं, "घोंगडी घेऊ का रे?" मी म्हटलं, "मामा, बावीस आहे. नवा सूट घाला. घोंगडीत दिसणार आहे का तो कुणाला?"

आता मुलीच्या दारी पोचायचं ते सूर्य उगवायच्या आत, आणि गेल्या गेल्या कोण आत घेतंय? फाटकाशी ताटकळत ठेवतात, रीतच आहे. नवरदेवाने तर फिरकायचंसुद्धा नाही, म्हणून मी लांब वळणावर, गाडीत, हीटर लावून. आणि ते बावीस... ते काय दिवसभर असतं होय? ते येतं दुपारी दोन-तीनला, पाहुण्यासारखं घटकाभर टेकतं आणि जातं. पहाटे ड्यूटीवर असतं ते उणे दोन. आणि उभं कुठे? फाटकाशी, मामांच्या शेजारी.

लिनेओचा स्वयंपाकघरातून फोन, कुजबुजत, "अरे, तुझे मामा हलतायत."

"हलतायत म्हणजे?"

"सगळेच्या सगळे. आत्या म्हणते, नमस्कार करतायत की कापतायत ते कळेना."

आता मी काय करू? आकडा खरा होता...

शेवटी तिची आत्याच फाटकाशी आली. "काय हो पाहुणे, तुमच्या शहरातल्या मेंढ्या मेल्या का सगळ्या?" असं म्हणून घरातल्या दोन जाडजूड घोंगड्या मामांच्या अंगावर घातल्या. माया हो, निव्वळ माया. पण तिथेच संपलं ना सगळं. त्यांच्याच घोंगडीत बसून त्यांच्याशीच घासाघीस करायची कुठल्या तोंडाने? आणि तोंड तरी उघडतंय कुठे, दात वाजतायत. तिच्या वडिलांनी गाई सांगितल्या, मामा नुसते बघत राहिले.

मग दुपार. पत्र्याचं घर, आत चूल पेटलेली, आणि आलं ना माझं बावीस, थाटात. मामा घामाने निथळतायत. घोंगडी काढावी तर आत्याचा अपमान, आणि आत्या समोरच, मायेने बघतेय. वडील म्हणाले, "सावकाश बोलू या, संध्याकाळपर्यंत वेळ आहे." मामा घाईघाईने म्हणाले, "नको. सगळं मान्य."

गाडीत बसल्यावर विचारलं, "मामा, एक-दोन तरी कमी...?"

"सकाळी दात वाजत होते म्हणून बोलता येईना, दुपारी जीव गुदमरला म्हणून थांबता येईना. आणि तू मला बावीस सांगतोस?"

आकडा खरा होता, असं अगदी ओठावर आलं होतं. त्यांच्याकडे बघितलं आणि गिअर टाकला.

संध्याकाळी लिनेओ म्हणते, "नाताळात नाही ना जमणार आता?"

"नाही."

मग म्हणाली, "पण मामांनी एका गाईचीही घासाघीस केली नाही रे. आमच्या गावात कुठल्या मुलीचा एवढा मान ठेवलाय कुणी? आई तर रडलीच."

आता हिला काय सांगणार? उणे दोन सांगू? बावीस सांगू? म्हटलं, "अगं, आमच्या घराण्याची पद्धतच आहे तशी."

ते गावभर झालं. तेव्हापासून, लग्नाचे अजून बाकी असलेले माझे दोन्ही धाकटे भाऊ माझ्याशी बोलत नाहीत.