आकडा माझ्या घरचा

...नाव नीट लिहिलं होतं, तुम्हाला सांगतो, एकेक अक्षर तपासून लिहिलं होतं, आणि तरी त्या बाई मला म्हणतात, "काका, इथं काहीच नाही." मला? चाळीस वर्षं नावं लिहिली मी.

पाट्या रंगवतो. मुलीनं माझ्या कामाचं एक पान केलं दुकानातल्या कॉम्प्युटरवर, आपल्यापुरतं बघायला. कोणतं नाव कुठं शोधायचं हे कॉम्प्युटरला सांगणारी एक फाइल उघडली, त्यात आधी एक आकडा लिहिला, पुढं दुकानाचं नाव. म्हणाली, "बाबा, आता हे नाव टाकलं की पान उघडेल." टाकलं. उघडलं. म्हणजे झालं ना? पाटी लावली की ती एकट्या मालकालाच दिसते का?

तर नव्या दवाखान्याच्या व्यवस्थापक बाई, त्यांना मी ऐटीत सांगितलं, माझं काम नेटवर बघा. साठ दारांच्या पाट्या होत्या हो. हल्ली सगळे छापून घेतात, असं काम दोन वर्षांत आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो, तर बाई थंडपणे, "काका, असं काही नाहीच नेटवर." म्हणजे मी थापा मारल्या? चाळीस वर्षं नावं लिहिली मी. म्हटलं, सरका. त्यांच्या खुर्चीत बसलो, पासवर्ड त्यांनीच टाकला, तीच फाइल शोधली, तोच आकडा, तेच नाव, जसंच्या तसं उतरवलं, आणि... काहीच नाही.

मुलीला फोन लावला. म्हणते, "बाबा, तुमचं नाव जगाला अजून कळवलेलंच नाही. आणि तो आकडा म्हणजे 'हाच कॉम्प्युटर'. तुमच्यावर लिहिला तर तुमचा, त्यांच्यावर लिहिला तर त्यांचा. तो बिचारा स्वतःच्याच पोटात तुमचं दुकान शोधतोय."

असला कुठं पत्ता असतो? चिठ्ठी ज्याच्या हातात, घर त्याचंच?

बाई ऐकत होत्या. "राहू द्या काका, मीच येते दुकानात." आल्या. माझ्या कॉम्प्युटरवर पान बघितलं, मग मान वर केली... पानावर ज्या पाट्यांचे फोटो, त्याच पाट्या समोर भिंतीवर.

काम दिलं. साठच्या साठ. वर म्हणाल्या, एक जादा करा, माझ्या टेबलासाठी, आणि ती सगळ्यात आधी द्या. "बाहेरच्यांनी कॉम्प्युटरला हात लावू नये."

लिहिली. घोटून लिहिली. लांबूनसुद्धा दिसते.