चौथी रांग

(घोडबंदरची खाडी, ओहोटीची वेळ. निशिगंधा आणि समिधा गुडघाभर चिखलात. समिधाची आई मनोरमा बांधावर छत्री धरून बसलेली.)

निशिगंधा : पहिल्या रांगेत अठरा जिवंत. दुसऱ्या रांगेत चौदा. तिसऱ्या रांगेत बारा. प्रत्येक रांगेत आपण कांदळाची अठ्ठावीस रोपे लावली होती.

समिधा : चव्वेचाळीस झाली! आई, ऐकतेयस ना? एकशे बाराची अर्धी छप्पन्न. अजून फक्त बारा पाहिजेत, की मी चालले मॉरिशसला!

मनोरमा : कान शाबूत आहेत माझे. अजून चौथी रांग राहिलीय. आणि नुसतं पान बघून जिवंत म्हणू नका.

निशिगंधा : नाही काकू. मी प्रत्येक खोड नखाने खरवडते. आत हिरवे दिसले, तरच ते जिवंत.

मनोरमा : बघ, कशी बोलते. हिचे खापरपणजोबा गेले रत्नागिरी सोडून मॉरिशसला, पण मराठी कसं धुतल्यासारखं स्वच्छ!

समिधा : ती तिकडे शाळेत मराठी शिकलीय गं. मी मीरा रोडला शिकलेय. फरक पडणारच ना!

निशिगंधा : आता मीही इथले शिकले आहे. काल शेअर रिक्षात एका काकांना म्हणाले, "अंकल, थोडा सरको, चौथी सीट मेरी है."

मनोरमा : आली तेव्हा रिक्षावाल्याला "कृपया" म्हणायची! रविवारी परत जाताना विमानात कुणाला सरको म्हणू नकोस हो.

समिधा : आई, विषय बदलू नकोस. जुलैमध्ये काय म्हणाली होतीस? सांग हिच्यासमोर.

मनोरमा : म्हटलं असेन काहीतरी.

समिधा : "या गटाराच्या चिखलात काय डोंबल उगवणार? यातली अर्धी जरी जगली, तरी तू जा खुशाल." माझे शब्द नाहीत, तुझे आहेत. निशी इथे स्वयंसेवक म्हणून आली, तशी मी तिकडे सहा महिने. तिच्या घरी राहणार, तिच्याच खाडीत काम. सगळं ठरलंय, फक्त तुझं हो बाकी आहे.

मनोरमा : म्हणून तर छत्री घेऊन आलेय. मोज.

समिधा : एक, दोन, तीन... अगं, इथे तर गर्दी आहे! निशी, उभी किती दिसतायत?

निशिगंधा : वीस.

समिधा : वीस! चौसष्ट झाली! आई, चौसष्ट! निशी, मला मिठी मार, चिखल गेला खड्ड्यात!

निशिगंधा : थांब.

समिधा : आता काय थांब?

निशिगंधा : सप्टेंबरमध्ये मी मोजली, तेव्हा या रांगेत सतरा होती. मग आपण शाळांच्या कामाला लागलो, आणि आज पुन्हा मोजतो आहोत. सतराची वीस कशी होतील? मेलेले रोप परत येत नाही.

समिधा : तेव्हा चुकली असशील तू.

निशिगंधा : मी तीनदा मोजली होती.

समिधा : हो, तू तीनदाच मोजतेस. घरी पोळ्यासुद्धा.

निशिगंधा : आणि हे बघ. आपण रोपे काठ्यांना निळ्या सुतळीने बांधली. अशी नऊ आहेत, नऊही हिरवी निघाली. बाकीची अकरा चिंधीने बांधली आहेत. ही जांभळी, ही पिवळी, ही लाल. सुती आहे, लांब पट्टीसारखी कापलेली.

समिधा : दाखव. ...हा साडीचा फॉल आहे.

निशिगंधा : फॉल म्हणजे?

समिधा : साडीला खालून आतल्या बाजूने लावतात ना, ती पट्टी. आमच्या घरी फॉल-पिकोचं मशीन दिवसभर चालू असतं, तू बघितलंयस की. आई?

मनोरमा : ऊन वाढलं गं. आटपा.

समिधा : आई, घोडबंदरच्या गिऱ्हाईकाकडे साड्या द्यायला कितीदा आलीस तू?

मनोरमा : गिऱ्हाईक आहे म्हणून आले.

समिधा : आणि बाल्कनीतल्या बादलीत आमच्या लावणीतल्या कांदळाच्या शेंगा उरल्या होत्या, त्या फेकून दिल्या म्हणालीस?

मनोरमा : ...बरं, नाही फेकल्या. तुम्ही शाळांच्या कामात होतात, तेव्हा मोठी भरती आली ना, त्यानंतर साड्या देऊन जाता जाता इथे डोकावले. या रांगेतली बरीच आडवी पडलेली. बादलीत शेंगांना मुळं फुटली होती. म्हटलं, तिथे सडण्यापेक्षा इथे लागू देत. गुडघ्यापर्यंत साडी खोचली आणि लावली.

समिधा : म्हणजे तुलाच मला पाठवायचं होतं!

मनोरमा : पाठवायचं नव्हतं. आजही नाही. पण तू इथे उभी राहून हरलेली मला बघवलं नसतं.

समिधा : निशी, बस झालं. चौसष्ट लिही.

निशिगंधा : मी नाही लिहू शकत, समिधा. ही जुलैची रोपे नाहीत. आपली चव्वेचाळीस अधिक नऊ, त्रेपन्न होतात.

समिधा : तीन कमी पडतायत फक्त! तू रविवारी जाणार, कोण बघायला येणार आहे?

निशिगंधा : मी बघितले आहे ना. तू माझ्या घरी यावीस असे मला तुझ्यापेक्षा जास्त वाटते. माझ्या आईने तिकडे तुझी खोलीसुद्धा रंगवली आहे. तरी त्रेपन्नच.

मनोरमा : बरोबर बोलतेय ती. माझी तिच्या हिशोबात घालू नकोस.

समिधा : मग झालं. गेलं मॉरिशस.

मनोरमा : अगं, पुरतं ऐकून तरी घे. अट कोणाची होती?

समिधा : तुझी.

मनोरमा : मग कशावर धरायची ते मीच ठरवणार. तुमची त्रेपन्न तुमच्या रिपोर्टात जाऊ देत. मी माझ्यापुरती मोजते. मी लावलेल्यांतली अर्धी जगली असतील, तर तू जा. नसतील, तर पुन्हा तोंडातून नाव काढायचं नाही. निशिगंधा, तुला चालेल का गं?

निशिगंधा : चालेल, काकू. वेगळी मोजणी, वेगळी नोंद.

समिधा : अकराची अर्धी साडेपाच!

मनोरमा : सहा धर. उगाच सवलत नको.

निशिगंधा : ही मी अजून खरवडलेली नाहीत. पाने आहेत, पण पानावर जायचे नाही असे तुम्हीच म्हणालात.

मनोरमा : हो, म्हणाले. थांब, छत्री धर जरा, समिधा. चप्पल काढते. माझी मीच खरवडणार.

समिधा : आई, हळू! तिथे पाय आत जातो.

मनोरमा : माहीत आहे मला कुठे आत जातो ते. ...हे हिरवं. हेही. निशिगंधा, तू बघ गं, माझं नख बोथट आहे.

निशिगंधा : हिरवे. हे हिरवे. जांभळ्या चिंधीचेही हिरवे.

समिधा : पाच झाली! सहा! आई, सहा!

मनोरमा : ओरडू नकोस, पूर्ण होऊ दे. ...हं, हे शेवटचं. सांग तिला.

निशिगंधा : लावलेली अकरा. जिवंत अकरा.