गुंडाळलेलं अंजीर

गास्पारे : …मी केव्हाचा बडबडतोय, पण भावोजींच्या तोंडून एक शब्द नाही. ताई, खटला संपला हे यांना कुणी सांगितलंय ना?

नुन्झिया : तू गप्प जेव. परवा निकाल लागला तेव्हापासून हा असाच आहे. रात्रीही कूस बदलत पडलेला असतो.

साव्हेरियो : मला भूक नाही, इतकंच.

गास्पारे : रविवारी भूक नाही? ताईनं सकाळपासून शिजवलेला सॉस समोर असताना? भावोजी, तुम्ही ज्युरीत बसून आलात, तुरुंगातून नव्हे. सुटला तो मालतेम्पो. त्याच्या घरी तर आज दणक्यात जेवणावळ असेल.

नुन्झिया : गास्पारे, पुरे.

गास्पारे : बरं, राहिलं. पण उन्हाळ्यापासून आपलं बोलणं बंद होतं, मी आपणहून आलो, त्याचं तरी काही? आणि माझ्या कामाबद्दल अवाक्षर नाही?

साव्हेरियो : कसलं काम?

गास्पारे : घ्या. मागच्या अंगणातलं अंजिराचं झाड कुणी गुंडाळलं? थंडी तोंडावर आली तरी झाड उघडं. गोणपाट लावलं, वरून जुना गालिचा, दोरी करकचून आवळली, शेंड्यावर बादली पालथी घातली. आख्ख्या ब्रुकलिनमध्ये असं बांधलेलं झाड दाखवा.

(साव्हेरियोच्या हातातला काटा ताटात पडतो.)

साव्हेरियो : तू बांधलंस?

गास्पारे : मग काय मेयर आला होता? गुरुवारी दुपारी आलो, घरात कुणी नव्हतं. म्हटलं, तोंडानं माफी मागणं आपल्याला जमत नाही, हातांनी मागावी.

नुन्झिया : अगं बाई! मला वाटलं, साव्हेरियोनंच बांधलं.

साव्हेरियो : मी नव्हतं बांधलं.

नुन्झिया : मग विचारायचंस की मला, कुणी बांधलं म्हणून.

साव्हेरियो : आपल्या गल्लीत असलं कुणी विचारतं का?

नुन्झिया : असलं म्हणजे कसलं? साव्हेरियो, माझ्याकडे बघ. काय झालंय?

साव्हेरियो : बुधवारी मी केस कापायला गेलो होतो. शेजारच्या खुर्चीत मालतेम्पोचा ड्रायव्हर. आरशातूनच माझ्याशी बोलला. अगदी गोड. म्हणाला, "तुमचं अंजीर अजून उघडंच दिसतं. मुलीच्या खिडकीखाली आहे ना? कोर्टापायी तुम्हाला वेळ होत नसेल तर राहू द्या. कुणीतरी काळजी घेईल."

गास्पारे : देवा.

नुन्झिया : आणि हे तू पोटात ठेवलंस?

साव्हेरियो : न्यायाधीशांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पण भ्यालोही नव्हतो, खरंच. गुरुवारी ज्युरीच्या खोलीत एकेक करून सगळे "निर्दोष" म्हणाले. त्यांना कुणी कुठे गाठलं होतं, ते तेच जाणोत. निकालाला सगळ्यांचं एकमत लागतं, आणि मी एकटा "दोषी"वर अडून बसलो. त्या बेकरीवाल्या पोरावर मालतेम्पोनं पिस्तूल झाडताना साक्षीदार बाईनं पाहिलं होतं, आणि ती खोटं बोलत नव्हती. संध्याकाळी घरी आलो तो मान ताठ ठेवून.

गास्पारे : आणि झाड…

साव्हेरियो : झाड बांधलेलं. रोझाल्बाच्या खिडकीला खेटून. कुठे एक दोरी सैल नाही. वाटलं, ज्यानं हे केलं त्याला कसलीच घाई नव्हती. आपल्या घरात केव्हाही यावं आणि निवांत काम उरकून जावं, असा तो माणूस. आत रोझाल्बा गाणं गुणगुणत अभ्यास करत होती. शुक्रवारी सकाळी मी मत फिरवलं.

गास्पारे : भावोजी, मला काय ठाऊक? मी तर तुमच्यासाठी…

साव्हेरियो : तुला कसं ठाऊक असणार? तू झाड बांधलंस. बाकी सगळं मी केलं.

नुन्झिया : उद्या सकाळी जाऊन न्यायाधीशांना सांग. मी येते बरोबर.

साव्हेरियो : सांगेन. पण निर्दोष सुटलेल्याला त्याच खुनासाठी पुन्हा उभं करत नाहीत, नुन्झिया. ते दार लागलं.

नुन्झिया : त्या पोराची आई यायची का कोर्टात?

साव्हेरियो : रोज. पुढच्याच बाकावर. निकालानंतर पायऱ्यांवर मला गाठलं तिनं. वाटलं, तोंडावर थुंकणार. थुंकली असती तर बरं झालं असतं. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बाकीचे माझी नजर चुकवायचे, तुम्ही एकटे माझ्याकडे बघायचात. माझ्या मुलासाठी तुम्ही आत भांडला असाल. देव तुमचं भलं करो."

नुन्झिया : मग तू काय म्हणालास?

साव्हेरियो : थँक यू म्हणालो.

गास्पारे : मी आत्ता जातो आणि सोडतो ते सगळं. तो गालिचा, ती दोरी, फाडून टाकतो.

नुन्झिया : बस खाली. मरेल ते थंडीनं.

गास्पारे : ताई, मला ते बघवणार नाही.

साव्हेरियो : बस रे. चांगलं बांधलंयस. झाड वाचेल.