दुसरीच्या वर्गावरची खोली

शिपाईमामा : ...आता बघा ताई. पुस्तकांचं कपाट बंद केलं, हात काढला. नुसतं बघत राहा.

ताई : उघडलं.

शिपाईमामा : आपोआप. पंधराच्या पंधरा कपाटांचं हेच. सगळी खोलीच्या मध्याकडे झुकायला लागलीयत.

ताई : बिजागऱ्या ढिल्या असतील. वाचनालयाच्या उद्घाटनाआधी सुताराला बोलावून घेते.

मुख्याध्यापिका : मामा, तुम्ही खाली जा बरं. दुसरीचे गुरुजी रजेवर आहेत, मुलं एकटी आहेत. मी बोलते ताईंशी.

शिपाईमामा : जातो बाई, पण एवढं ऐकून घ्या. या खोलीच्या खालीच दुसरीचा वर्ग. त्याच्या दाराला मी दोनदा रंधा मारून घेतला, तरी घासतंय. लाकूड फुगलं तर सगळीकडून फुगतं. हे नुसतं वरून घासतंय.

ताई : म्हणजे?

शिपाईमामा : म्हणजे वरचं खाली येतंय.

ताई : बाई, तुम्हाला माहीत होतं?

मुख्याध्यापिका : दाराचं माहीत होतं. पुस्तकं येऊन आठवडा झाला नाही तोच सुरू झालं.

ताई : पुस्तकं येऊन तीन आठवडे झाले, म्हणजे पंधरा दिवस तुम्हाला माहीत होतं. आणि मी फोन केला की तुम्ही म्हणायचात, सगळं छान आहे.

मुख्याध्यापिका : दुसरं काय म्हणणार होते? या सरकारी शाळेला इतक्या वर्षांत कुणी साधा फळा दिला नव्हता. तुमचं फाउंडेशन आलं, नळाला पाणी आलं, तुम्ही वाचनाचे तास घ्यायला लागलात, मुलं शाळा सोडायची थांबली. आणि मी कुठल्या तोंडानं म्हणू, तुमच्या पुस्तकांचं आम्हाला ओझं झालंय?

ताई : निदान शिक्षण खात्याला तरी कळवायचं.

मुख्याध्यापिका : कळवलं की इमारतीला कुलूप. मुलं हमरस्त्यापलीकडच्या शाळेत. किती मुलींना घरचे तो रस्ता ओलांडू देतील, सांगा. आणि तुमच्या इंजिनियरनं खोली पाहिलीच असेल ना, या भरवशावर मी झोपत होते.

ताई : बाई...

मुख्याध्यापिका : पाहिली होती ना?

ताई : इथे उजेड चांगला येतो म्हणून खोली मी निवडली. इंजिनियरला दोनदा वेळ मिळाला नाही. तोवर उद्घाटनाची तारीख ठरली. मी तपासणीच्या यादीत ‘इंजिनियरनं खोली पाहिली’ याच्यापुढे बरोबरची खूण करून टाकली.

मुख्याध्यापिका : कुणीच पाहिली नाही?

शिपाईमामा : (दारातूनच मागे वळून) बोलू नका. ऐकलंत?

ताई : काय?

शिपाईमामा : पायाखाली. वाळकी फांदी मोडावी तसं.

मुख्याध्यापिका : मध्ये येऊ नका कुणी. भिंतीच्या कडेनं, एकेकानं बाहेर. ताई, पर्स राहू द्या तिथेच.

ताई : मी मध्येच उभी आहे.

मुख्याध्यापिका : माझा हात धरा. माझ्याकडे बघा, जमिनीकडे नको.

शिपाईमामा : मी घंटा देतो.

मुख्याध्यापिका : नको. घंटा झाली की पोरं दारात एकच झुंबड करतील आणि दार अडकेल. तुम्ही दार खांद्यानं रेटून धरा. मी खेळाचा तास आहे म्हणून सांगते. ताई, तुम्ही बाकीचे वर्ग काढा. आणि चेहरा जरा सावरा, पोरांना लगेच कळतं.

(तिघं खाली उतरतात. थोड्या वेळानं, मैदानाच्या टोकाला.)

ताई : माझे सगळे वर्ग बाहेर आले. दुसरीची किती?

शिपाईमामा : तेहेतीस. आज हजेरी चौतीस होती.

मुख्याध्यापिका : परत मोजा.

शिपाईमामा : दोनदा मोजली बाई. ती बारकी नाही दिसत, दोन वेण्यांची. शेवटच्या बाकावर बसते ती.

मुख्याध्यापिका : पोरांना तिकडे वळू देऊ नका.

ताई : बाई, थांबा. बाई.

शिपाईमामा : त्या नाही थांबायच्या. तुम्ही इथे पोरांपाशी राहा, मी दार धरतो.

ताई : मामा, दार सुटलं तर?

शिपाईमामा : सुटू देत नाही.

ताई : (लांबून ओरडून) आतून काही ऐकू येतंय का? मामा, काहीतरी पडलं. मामा.

शिपाईमामा : आल्या. आल्या बघा. पोरगी कडेवर आहे.

ताई : लागलं का हिला?

मुख्याध्यापिका : नाही. बाकाखाली सांडलेले रंगखडू गोळा करत होती. मला म्हणते, बाई, हिरवा सापडत नाहीये. मीही वाकून शोधला, काय करणार. मिळाल्याशिवाय हलेना.

शिपाईमामा : तुमच्या केसांत रक्त आहे बाई.

मुख्याध्यापिका : प्लास्टरचा तुकडा. आम्ही दारात होतो तेव्हा आला. फळ्यासमोरचं छत सगळंच खाली आलंय.

ताई : फळ्यासमोर मी उद्या त्यांना गोष्ट सांगणार होते.

शिपाईमामा : बसा बाई तुम्ही आधी. पाणी आणतो.

मुख्याध्यापिका : ताई, फाउंडेशनला काय कळवणार?

ताई : जे झालं तेच. खूण मी केली होती. खात्यालाही आजच पत्र देते. इमारत बंद होईल बाई. पण मुलींना रस्ता ओलांडून न्यायला-आणायला मी स्वतः उभी राहीन. नोकरी राहिली तरी, गेली तरी.

मुख्याध्यापिका : पत्रात माझंही घाला. पंधरा दिवस मला माहीत होतं, असं.

ताई : ते घातलंच पाहिजे असं नाही.

मुख्याध्यापिका : घाला. नाहीतर आणा कागद, मीच लिहिते.