कान मोडलेली कॅसेट

मूळचं आमचं गाव ह्येच, नेसरीपासनं पुढं डोंगराच्या अंगाला, आन आमची वस्ती वढ्याच्या पल्याड. माझा बा दवंडी द्यायचा. गळ्यात हलगी, आन गावात कोण मेलं, कुणाची म्हस चुकली, चावडीत कवा जमायचं, सगळं त्येच्याच तोंडानं गावाला कळायचं, आन त्येच्या बदल्यात दारातनं शिळी भाकरी. मंग आमच्या माणसांनी धर्म बदलला, बौद्ध झाली, त्या दिवशी बानं हलगी खुंटीवरनं काढली आन वढ्यात टाकली, म्हटला ही गावकी आता बास. मी त्येच्यानंतर झालो, म्हणून माझं नाव सिद्धार्थ, पन गाव सिदूच म्हणतंय. आन त्या बाच्या पोरानं म्होरं काय केलं? कोल्हापुरात एका दुकानात तीन वर्सं रेडिओ दुरुस्ती शिकला आन गावात येऊन लाऊडस्पीकरचं दुकान टाकलं! बा चार म्हैनं माझ्याशी बोलला न्हाय. म्हणायचा, मी हलगी टाकली आन तू कर्णा आणलास, दवंडी ती दवंडीच की. मी म्हटलं बा, तुला हाळी मारली की पळत जायाला लागायचं, मला सुपारी घेऊन बोलवाय येत्यात. मयताचं तेवढं मी फुकट सांगतो, पन ते माझ्या मर्जीनं. ह्यो फरक हाय का न्हाय, तुमीच सांगा पावणं.

आमच्याकडं मयताचं सांगायची रीत ठरलेली हाय. पयलं नाव, मंग वय, मंग माती किती वाजता. माती म्हंजे त्यो शेवटचा विधी, तुमच्या लिवण्यात अंत्यसंस्कार का काय ते. मातीची वेळ ऐकली की बैल सोडल्यालं माणूस परत बांधतं, माती झाल्याबिगर गावात कोण शेताला जात न्हाय. तीस वर्सं मी गावाला मातीच्या वेळा सांगत आलोय. मेलेल्या माणसाचं वय चुकलं तरी घरची भांडाय येत्यात, म्हणून मी दोनदा इचारून घेतो.

तर ह्या कॅसेटी, ज्येच्यापायी तुमी आलाय त्या. कारगिलची लढाई टीव्हीवर चालल्याली तवा, शाळंतलं हेडमास्तर, आमी नुस्तं गुरुजी म्हणतो, ते दुकानात आलं. म्हटलं सिदू, आपल्या गावात घरटी एक म्हातारा फौजेतनं आलेला हाय, ही माणसं गेली की त्येंचं सगळं त्येंच्यासंगट जाणार, तुझं मशीन घे, आपण एकेकाचं भरून ठेवू. मला काय, हौस हुती. दुपारच्याला गुरुजी आन मी एकेकाच्या पुढल्या सोप्यात, पडवीत म्हणा की, जाऊन बसायचो. पयला म्हातारा इटलीला जाऊन आल्याला, बर्फात खेचरं हाकल्याली त्येनं, इंग्रज साहेबाच्या लढाईत. काय सांगत हुता वो! खेचराची नावंसुद्धा पाठ. ती कॅसेट मी दुकानात फळीवर ठेवली आन माझ्या मेव्हण्यानं, आयला त्या मेव्हण्याच्या, कोरी समजून तिच्यावर लग्नातला बेंजो भरला. म्हातारा पुढं वारला. वर्सश्राद्धाला त्येचं पोरगं आलं, म्हटलं सिदूमामा, आबाचा आवाज ऐकवा जरा, सगळी बसल्यात. मी बटण दाबलं तर बेंजो. सगळं घर बसलेलं हुतं माझ्या तोंडाकडं बघत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तवापासनं मी कान मोडाय लागलो. हे बगा, कॅसेटीच्या पाठीला असं दोन चौकोनी कान असत्यात, एकेका बाजूचा एकेक. त्यो मोडला की त्या बाजूवर परत काय भरत न्हाय, मशीनचं बटणच दबत न्हाय. आन दरसाल दसरा झाला, पावसाळ्याची वल गेली की प्रत्येक कॅसेट एकदा ह्या टोकापासनं त्या टोकापातूर पळवायची, न्हायतर आतली फीत चिकटून बसती, बुरशी धरती. ते काम मी अजून चुकवलं न्हाय.

आता तात्याचं सांगतो. बाळू तात्या, एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडं हुता, हवालदार हून आला. त्येच्याच संगट आमच्या गावचा महादू गेलता, दोघं एका वर्गातलं, एका दिवशी भरती झाल्यालं. तात्या आला, महादू आला न्हाय. सरकारनं बेपत्ता लिवलं. महादूची बायकू हौसाक्का, लगीन हून वरीस झालतं, पोटात पोर हुतं. तात्यानं गावात येऊन सांगितलं, महादू पुढं गेला, मंग मला दिसला न्हाय. झालं, ती त्येवढ्यावर बसली. काय वर्सांनी सरकारनं मयत धरून पेन्शन चालू केली, तर ती म्हणायची, कागद काय बी म्हणंल, डोळ्यानं बघितल्यालं माणूस येऊन सांगू दे, मंग मी कुकू पुसते. कपाळाला हे एवढं कुकू, हातात हिरवा चुडा, पोरगी वाढवली, म्हसरं केली, भात केला. आन तात्याला तिनं भाऊ मानला. दर भाऊबीजंला त्यो तिच्या पाटावर बसायचा आन ती ओवाळायची. सगळ्या गावानं बघितलंय.

गुरुजी तात्याकडं तीनदा गेलं. तिन्ही वेळा तात्या म्हटला, माझ्याकडं सांगण्यासारखं काय न्हाय. आन एका दुपारी आपणच माझ्या दुकानात आला. गुरुजी न्हवतं. म्हटला सिदू, दार लोट आन मशीन लाव. मी लावलं. काय सांगू तुमाला, अर्धा तास त्यो माणूस बोलत हुता आन मी हलायचं इसरलो.

तात्या म्हटला, नदी हुती, तिचं नाव मला घेता येत न्हाय, पल्याडचा काठ दिसत न्हवता एवढी. दिस मावळताना दोर धरून पार व्हायचं, वरनं गोळ्या. महादूच्या मांडीत गोळी बसली. माझ्या एका हातात दोर, एका हातात महादूचा हात. मध्यावर धार मोठी, माझ्या नाकातोंडात पाणी. सिदू, अशा गोष्टीत लोकं सांगत्यात की त्यो म्हटला मला सोड, तू वाच. तसलं काय न्हाय. महादू म्हणत हुता धर, बाळ्या धर, सोडू नगंस. आन मी सोडला. साहेबानं इचारलं तवा म्हटलं दिसला न्हाय, तेच कागदावर गेलं. गावात आलो तर हौसा दारात, सात म्हैन्याची, म्हटली भाऊजी, हे कुटं हायेत? मी म्हटलं पुढं गेलाय, येईल. तिचं कुकू माझ्या तोंडानं पुसायची छाती झाली न्हाय माझी. मंग एक भाऊबीज झाली, दुसरी झाली, मंग बोलायला जागाच ऱ्हायली न्हाय.

एवढं बोलला आन म्हटला, कान मोड. मी त्येच्यासमोर मोडला. म्हटला, मी हाय तवर कुणाला ऐकवू नगो. मी गेलो की तिला ऐकव. दुसऱ्या कुणाच्या तोंडनं नगो, माझ्याच आवाजात ऐकू दे. शब्द दे. मी दिला, आन दिला त्या दिवसापासनं माझी झोप गेली. हौसाक्का रस्त्यात भेटली की, काय सिदू बरं हाय न्हवं, म्हणायची आन मी तिच्या कपाळाकडं बघायचो न्हाय.

चार-पाच वर्सांनी तात्या गेला. त्येची माती अकरा वाजता, मीच सांगितली. हौसाक्का तिथं सख्ख्या भनीगत रडली. तेरावं झालं, म्हैना झाला, दोन झालं, मी काय जाईना. खोटं कशाला बोलू, मी एक दिवस चिकटपट्टी घेतली. मोडल्याल्या कानाच्या भोकावर चिकटपट्टी लावली की बटण परत दबतं, सगळं पुसून जातंय. म्हटलं तेहतीस वर्सं चाललंय तसं चालू दे, कुणाचं काय अडलंय? आन माझ्या बानं हलगी कशापायी टाकली? असलं सांगायचं काम परत आपल्याच वाट्याला का? पट्टी लावली, कॅसेट घातली, सुरवात कुटं हाय ते बघावं म्हणून वाजवली. तर तात्याचा आवाज, मी अमुक गावचा बाळू, माझ्यासंगट महादू हुता. आन मला त्या इटलीवाल्या म्हाताऱ्याचं घर आठवलं, बसल्यालं. मेव्हण्याला मी वर्सभर शिव्या घातल्या, आन आता मी काय करत हुतो? लाज वाटली मला माझी. पट्टी सोलून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन पिशवीत घालून तिच्या घरी गेलो. ती धार काढून आल्याली. म्हटलं आक्का, तात्याचा निरोप हाय, बस. तिनं पदर खोचला आन बसली. सगळं ऐकलं. एकदा म्हटली परत लाव, धर बाळ्या म्हटलेलं. मी लावलं. परत लाव. तीनदा लावलं. मंग उठली आन तिनं तात्याला जी शिवी दिली ती मी तुमच्या कागदावर देणार न्हाय. म्हटली तेहतीस वर्सं ओवाळलं की रं मी त्येला! त्येच हातानं टाकल्याली ओवाळणी घेतली मी, त्येच हातावर फराळ ठेवला! माझ्या मालकानं धर म्हटलं आन ह्येनं सोडलं! भांडं भिरकावलं, सगळं दूध अंगणात. मला वाटलं आता मलाबी हाकलती. मंग भिताडाला टेकून बसली. पोटातनं रडली बाई. आन रडून झाल्यावर म्हटली, शेवटाला त्येंच्या हातात कुणाचा तरी हात हुता म्हण की. मला वाटायचं एकटंच पडलं असत्याल कुटंतरी.

मंग तोंड धुतलं आन म्हटली, सिदू, कर्ण्यावर सांग. मला काय कळंना. म्हटली, गावात कुत्रं मेलं तरी चार माणसांत कळतंय, माझ्या मालकाचं कुणी सांगितलं न्हाय, तू सांग. मी म्हटलं आक्का, कवा मेलं म्हणून सांगू? म्हटली कवा म्हंजे? मला आता कळलं, आता मेलं. मी म्हटलं, वय? मी सगळ्यांना इचारतो तसंच इचारलं बगा, तोंडातनं गेलं. ती म्हटली, चोवीस.

मी दुकानात आलो, मशीन चालू केलं. म्हटलं, सर्व गावकऱ्यांना कळवण्यात येतं की आपल्या गावचे जवान महादू ह्यांचं दुःखद निधन झालेलं हाय. वय वर्सं चोवीस. आन मातीच्या वेळंला आडलो. तिथं काय म्हणायचं ते तिनं निघताना सांगून ठेवलतं. मंग तिचंच शब्द म्हटलं, माती न्हाय, पन माणसांनी यावं.

आन आली की वो माणसं! चुलीवरचं टाकून बाया आल्या, बैल परत बांधलं, महादूच्या वर्गातली, आता पन्नाशी वलांडल्याली पोरं टोप्या काढून उबी ऱ्हायली, म्हातारी फौजी माणसं जुनी पदकं लावून आली. कारखान्याच्या ट्रॅक्टरवाल्यानं इंजान बंद केलं. बाया चुडा फोडाय म्होरं झाल्या तर हौसाक्का म्हटली, हात लावू नगा, माझं मी करते. कुकू आपल्याच हातानं पुसलं, बांगड्या न फोडता काढल्या. त्या दिवशी गावात कोण शेताला गेलं न्हाय. माझा बा तवा नव्वदीचा, काठी टेकत वढा वलांडून आल्याला. परत जाताना मला म्हटला, आज चांगलं सांगितलंस. एवढंच म्हटला.

भाऊबीजंला तिनं त्या साली पाट मांडला न्हाय. म्होरल्या साली मांडला, रिकामा, आन त्येच्यासमोर निरांजन ठेवलं. मी इचारलं न्हाय कुणासाठी.

आता तुमी आलाय हे यंत्र घेऊन, ह्या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरात घालतो म्हणताय, घाला बाबा, लय पुण्याचं काम हाय, तुमचं भलं हुईल. फीत काय जलमभर टिकणार न्हाय आन मीबी न्हाय. पन ह्या एका कॅसेटीची तात्याची बाजू तेवढी घ्या, पलटू नगा. दर दसऱ्यानंतर मी कॅसेटी पळवाय घेतो तवा हौसाक्का येऊन बसती. तात्याचं परत कधी ऐकत न्हाय. मला भाईर पाठवती आन दुसऱ्या बाजूवर बोलती. पोरीचं लगीन, नातू शाळंत गेला, म्हस व्याली, भात किती झाला, महादूला सांगती सगळं. दारातनं कानावर येतंय तेवढंच मला ठावं. ह्या साली तिची तब्येत बरी न्हाय, तरी म्हटली, दसरा हून जाऊ दे, येते. म्हणून त्या बाजूचा कान मी अजून मोडला न्हाय.